तिची ओटी मीच भरली

इंदूरला लालबागच्या जत्रेत माझा नवरा एका बाईसाठी गराडूवर फुंकर घालत होता. गराडू म्हणजे तळलेला कंद, वर मसाला आणि लिंबू, इकडे थंडी पडली की गल्लोगल्ली मिळतो. काडीला टोचलेला तुकडा उचलायचा, फुंकायचा, आपल्या ओठाला लावून गरम आहे का बघायचं आणि मग तिच्या तोंडात. असं चाललं होतं. ज्या माणसाने लग्न झाल्यापासून पाण्याचा पेला स्वतःच्या हाताने भरून घेतला नाही, तो हा. त्या दिवशी तो देवासला असणार होता. ऑफिसचं काम आहे, उशीर होईल, जेवायला थांबू नका, असं सकाळी सांगून गेला होता. मी शाळेतल्या बायकांबरोबर जत्रेत आले होते, चादरी बघायला.

तोंडावर मी नवऱ्याला अहो-जाहो करते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, होळकरांच्या कचेरीत कारकुनी केलेलं घराणं ना आमचं, रीतीभातीला फार जपतं. पण लिहिताना नाही करणार. तेवढी मोकळीक मी घेतली आहे.

बाईला मी लगेच ओळखलं. गेल्या चैत्रात ती आमच्या घरी हळदीकुंकवाला आली होती.

तिला बोलव, हे नवऱ्यानेच सुचवलं होतं. ऑफिसात महाराष्ट्रातून बदलून आली आहे, इथे कोणी नाही, बिचारी आंबेडाळ आणि पन्ह्याची आठवण काढत असते, म्हणाला. मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, याला कधी नव्हे ते दुसऱ्याच्या एकटेपणाचं सुचलं. रस्ते माहीत नसतील म्हणून तिला घ्यायला आणि सोडायलाही तोच गेला. केवढी ती भूतदया!

ती आली, आंबेडाळ दोनदा मागून घेतली, गौरीची आरास छान आहे म्हणाली. मी ओट्या भरायला बसले, तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हळू आवाजात म्हणाल्या, हिची ओटी भरू नकोस, हळदीकुंकू लाव आणि पाठव. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, घटस्फोट झालाय ना तिचा.

माझं डोकंच सटकलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, मुलींना चार चांगल्या गोष्टी सांगते, आणि माझ्याच घरात हे? मी म्हटलं, आई, कुठल्या जमान्यात आहात तुम्ही? बाहेर बायका बसल्या होत्या म्हणून आवाज दाबून, पण चांगली खरडपट्टी काढली मी त्यांची. त्या पदराला हात पुसत राहिल्या. मी तरातरा बाहेर आले आणि मुद्दाम, सगळ्यांच्या देखत, तिची ओटी भरली. भिजवलेले हरभरे, केळं, आणि माझ्यासाठी म्हणून आणलेलं माहेश्वरी कापड. इतर बायकांना सियागंजातून घाऊक आणलेले ब्लाऊजपीस आणि हिला माहेश्वरी. ओंजळीतले ओले हरभरे तिच्या पदरात घालताना तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आपण एका बाईला मान दिला.

आजही सांगते, घटस्फोट झालेल्या बाईची ओटी भरायला माझी काही हरकत नाही. पुन्हा भरीन. पण नवऱ्याच्या ताटातलं खाऊन आलेली बाई समोर पदर पसरते आणि मी तिला वर माझं माहेश्वरी देते, याची मला किळस येते. मळमळतं. अजून मळमळतं.

अर्थात जत्रेच्या दिवशी मला हे सगळं कळलेलं नव्हतं. नवरा घरी आल्यावर मी जाब विचारला, तेव्हा तो रडला, पाया पडला आणि सांगितलं की दिवाळीनंतर सुरू झालं. महिना-दीड महिना. चूक झाली. आता बंद. मी लगेच मनात हिशेब मांडला, दिवाळीनंतर म्हणजे चैत्रात काही नव्हतं. म्हणजे ती हळदीकुंकवाला आली तेव्हा खरंच एकटी, खरंच बिचारी होती, आणि मी भरलेली ओटी खरी होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तशी मी त्या एका गोष्टीला धरून राहिले. घसरला माणूस, हे मी एक वेळ गिळलं असतं. पण जाणूनबुजून मला त्या पाटावर बसवलं असेल, माझ्या हातून तिचा मानपान करवून घेतला असेल, तर मग या माणसाबरोबर एका घरात राहायचं नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं.

तोपर्यंत मी माझी गादी वरच्या खोलीत नेली. शाळेचे पेपर मी तिथेच तपासते. एक पलंग आहे, टेबल आहे, खिडकीतून शेजारच्यांचं शेवग्याचं झाड दिसतं. सासूबाईंनी मला जिन्यावरून गादी नेताना पाहिलं. पुन्हा वाती वळायला लागल्या. त्यांच्या गुडघ्यांमुळे त्या वर येत नाहीत, तेव्हा मला तिथे शांतता मिळेल असं वाटलं.

काउन्सलरची वेळ मुलीने बंगलोरहून घेऊन दिली. नवरा आधी उसळला. घरचं भांडण परक्यासमोर कशाला, झाकली मूठ सव्वा लाखाची, वगैरे. मी म्हटलं, मूठ लालबागच्या मैदानात उघडून आलात तुम्ही. मग आला.

काउन्सलर बाई विजयनगरमध्ये बसते. आमच्याहून बरीच लहान, आणि निघाली मराठी, इंदूरचीच. झालं! नवऱ्याच्या जिवात जीव आला. आमच्या लोकांना एक खोड आहे. समोर मराठी माणूस आला की तो कुठला, कोणाचा, आजोळ कुठलं हे विचारून नातं काढल्याशिवाय पाणी पीत नाहीत. हा खुर्चीत बसला आणि हसून सुरू झाला. तुम्ही मूळचे कुठले? परदेशीपुऱ्यात तुमच्या आडनावाचे एक मास्तर होते, ते कोण? ती शांतपणे म्हणाली, सर, नातं निघालं तर मला तुमची केस सोडावी लागेल, म्हणून नका काढू. मला ती तिथेच आवडली. नवऱ्याचा चेहरा पंक्तीत वाढप्याने वगळल्यासारखा झाला.

मला वाटलं होतं, ही आता मला विचारणार, तुम्ही कुठे कमी पडलात? नवऱ्याकडे लक्ष होतं का? वजन वाढलंय का? बायकांना हेच विचारतात, आमच्या नात्यातल्या दोघी-तिघींनी विचारूनही झालं होतं. हिने नाही विचारलं. ती म्हणाली, संसारात काय बिघडलं होतं त्याबद्दल दोघांशी बोलू, पण नंतर. खोटं बोलायचं ठरवलं ते सरांनी एकट्याने, त्याची वाटणी होणार नाही. दुसरं म्हणजे, एकेकट्याने येऊन मला काही सांगाल आणि दुसऱ्याला सांगू नका म्हणाल, तर ते चालणार नाही, मी कोणाची गुपितं सांभाळत नाही. आणि तिसरं तिने माझ्याकडे बघून सांगितलं, मी लग्न वाचवायला बसलेली नाही. इथे खरं बोलायचं. मग राहायचं की निघायचं ते तुम्ही ठरवा.

तिची पद्धत अशी. त्या बाईशी संबंध पूर्ण बंद, तेही माझ्यासमोर सांगून. मग रोज संध्याकाळच्या चहानंतर थोडा वेळ मी हवं ते विचारायचं, त्याने उत्तर द्यायचं, स्वतःची बाजू मांडायची नाही. चहानंतरची वेळ संपली की विषय बंद, नाहीतर दिवसभर घरात तेच घुमत राहतं. शरीराचे तपशील विचारू नका, म्हणाली, ती चित्रं डोक्यातून निघत नाहीत. बाकी सगळं विचारा. पद्धतीत खोट नव्हती. मी विज्ञानवाली आहे, मला पद्धत कळते.

खोट माणसात होती. पहिले काही दिवस तो आरतीला उभा राहतो तसा हात जोडून बसायचा, डोळे मिटून, कधी संपतंय असा. मग त्याला या सगळ्यातली गंमत कळली. माझा नवरा जन्मभर वरिष्ठांची भाषा उचलून बढत्या घेत आलेला माणूस. त्याने काउन्सलरची भाषा उचलली. एका संध्याकाळी मी रडत होते, तर बशीत चहा ओतून, फुर्रकन ओढून मला म्हणतो, ‘मी तुझी वेदना व्हॅलिडेट करतोय.’ मला वाटलं ती बशी त्याच्या डोक्यात घालावी. दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी तुझ्यासाठी स्पेस होल्ड करतोय. वेदना माझी आणि कौतुक ह्याचं!

त्याला भूक चांगली लागायला लागली, रंग उजळला. सकाळी फिरायला जातात त्या मंडळींना स्वतःहून सांगून आला की आम्ही कपल थेरपी घेतोय. लोकांनी पाठ थोपटली. भिया, हिम्मतवाले हो आप, म्हणाले. हे त्याने घरी येऊन मला सांगितलं, पोहे खाता खाता, वर जास्तीची शेव भुरभुरून घेत. बायकोला फसवल्याबद्दल भर बागेत शाबासकी घेऊन आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्याच्या दाढेत अडकलेली शेव तो जिभेने काढत होता आणि मी बघत होते. इतकी वर्षं या तोंडासमोर बसून आपण जेवलो कसे, असं मला वाटलं.

मी हे सगळं काउन्सलरला सांगितलं. तिने त्याला विचारलं, सर, हे शब्द बाजूला ठेवून साध्या मराठीत सांगाल का? तो गडबडला. मग म्हणाला, मी वाईट वागलो. त्या वाक्याला निदान घाण वास येत नव्हता.

मग तिने एक दिवस ठरवला. म्हणाली, खरं हप्त्याहप्त्याने बाहेर आलं की प्रत्येक हप्त्याला नवी फसवणूक होते, म्हणून एकदाच काय ते पूर्ण सांगायचं. सरांनी सुरुवातीपासून सांगायचं, मॅडमनी विचारायचं, आणि त्यानंतर नवीन काही निघता कामा नये. त्याला तयारीला वेळ दिला. मलाही सांगितलं, ज्या उत्तरावर तुमचा निर्णय अवलंबून आहे तो प्रश्न आधी विचारा.

माझे प्रश्न दोनच होते. मी विचारलं, कधी सुरू झालं? त्याने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, दिवाळीनंतर. मी विचारलं, आणखी कोणाला माहीत होतं? कोणालाच नाही, म्हणाला. काउन्सलरने दोन्ही वेळा विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. मी श्वास सोडला. आत कुठेतरी एक गाठ सैल झाली. म्हटलं, ठीक आहे. नालायक आहे, पण माझी ओटी तेवढी खरी होती. मनातल्या मनात मी गादी खाली आणायची की नाही यावर सुद्धा आले होते, देवाशप्पथ.

तिथे तो थांबला असता तर निभावलं असतं. पण एकदा टाळी मिळाली की हा माणूस थांबत नाही. आपण किती बदललो, आता आपल्याला सगळ्यांचं दुःख कसं कळतं, हे दाखवायची त्याला हौस आली. काउन्सलरकडे वळून, आवाज ओला करून म्हणाला, ‘यात ती पण खूप सोसत होती मॅडम. हिने ओटी भरली ना, त्या दिवशी सोडायला गेलो तर गाडीत ढसाढसा रडली. म्हणाली, तुझी बायको इतकी चांगली आहे, मला तोंड दाखवायला लाज वाटते.’

आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलंच नव्हतं. तो आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता, आता कोणीतरी शाबास म्हणेल म्हणून.

काउन्सलरने विचारलं, ‘सर, ओटी चैत्रातली. तिला लाज कशाची वाटत होती?’

मग त्याचा चेहरा उतरला. आधी म्हणाला, तसं नाही. मग म्हणाला, तेव्हा नुसती मैत्री होती. मग म्हणाला, तुला त्रास होऊ नये म्हणून सांगितलं नाही. काउन्सलरने हात वर केला आणि त्याला थांबायला सांगितलं. मला विचारलं, आत्ता तुम्हाला काय हवंय?

मी म्हटलं, मला हात धुवायचे आहेत.

तिने बेसिन दाखवलं. मी साबण लावून हात धुतले, पुन्हा लावला, पुन्हा धुतले. ओंजळीत ते ओले हरभरे लागत होते. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला आठवलं, आणि मला वाटलेला मान. त्या दोघांनी मला हळदीकुंकवाच्या पाटावर बसवून माझा तमाशा केला होता. नवरा तिला आणायला निघताना मला सांगून गेला, छान कर हं सगळं, आणि मी छान केलं. आरशात बघितलं तर माझं तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं. बाहेर येऊन मी काउन्सलरला म्हटलं, माझं ठरलं. तिने थांबवलं नाही. घाई करू नका असंही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की निघायचं असेल तर ते कसं करायचं याच्याबद्दलही मी तुमच्याशी बोलीन, या.

शाळेजवळ दोन खोल्या मिळाल्या. हे सगळं होईतो चैत्र आला होता. सकाळी सासूबाई देवघरासमोर पितळी गौर चिंचेने घासत बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, आई, मी जातेय. तुमचा काही दोष नाही, तुमच्याकडे येत जाईन, असंही म्हटलं. खरंच म्हटलं. म्हातारीचा मला राग नव्हता, उलट त्या दिवशी मी फारच बोलले असं मला वाटत होतं.

त्यांनी गौर खाली ठेवली आणि माझा हात धरला. म्हणाल्या, ‘मी तेव्हाच अडवत होते ना तुला? ओटी भरू नको म्हटलं, ऐकलं नाहीस.’

मी म्हटलं, तुम्ही तिचा घटस्फोट झालाय म्हणून म्हणत होतात.

‘अगं, मग काय सांगणार होते? तेवढंच सुचलं ऐनवेळी.’

मला आधी अर्थच लागेना. मग त्या बोलत गेल्या. तू शाळेत असायचीस. तो तिला दुपारचा घेऊन यायचा, फायली बघायच्यात म्हणायचा. वरच्या खोलीत दार लावून बसायचे. मी एकदा चहाला हाक मारली तर उत्तर नाही. मला गुडघे आहेत, डोळे गेलेले नाहीत. त्याला म्हटलं, हे बंद कर, तर म्हणाला, आई, तू यात पडू नकोस. पोटचा आहे, काय करणार? वाटलं, उतरेल आपोआप. तुला कळलं असतं तर घर मोडलं असतं.

हे सांगताना त्यांच्या आवाजात उपकार केल्याचा सूर होता. बघ, मी तुझ्याच बाजूची होते, असा.

मी जिन्याकडे बघितलं. वरची खोली. जत्रेपासून मी त्याच पलंगावर झोपत होते. नवऱ्याच्या अंथरुणाची शिसारी आली म्हणून तिथे गेले होते, आणि उशीत तोंड खुपसून रडले होते. ही बाई खाली बसून रोज बघत होती मी वर जाताना. मला गादी नेतानाही तिने पाहिलं होतं. तिथे झोपू नकोस, एवढंसुद्धा म्हणाली नाही.

मी हात सोडवून घेतला. त्यांच्या बोटांना चिंचेचा कोळ लागला होता, तो माझ्या मनगटाला लागला.

गौर उचलून त्या पुन्हा घासायला लागल्या. म्हणाल्या, जायचं तर जा, पण अक्षयतृतीयेपर्यंत थांब. गौर बसलेली असताना सून घरात नाही, हळदीकुंकवाला बायका येतील, विचारतील, मी काय सांगू?

मी पिशवी उचलली. म्हटलं, ‘आई, तुम्हाला बरोब्बर सुचतं ऐनवेळी. तसंच काहीतरी सांगा.’